सोडणे आणि जोडणे

‘आजपासून मी मांस-मासे खाणार नाही,’ हे वाक्य उच्चारण्यास एका श्वासाहून अधिक वेळ लागत नाही. माझ्या चौतीस वर्षांच्या शिक्षकी जीवनात मी ते अनेक विद्यार्थ्यांच्या तोंडून ऐकले. एकाने घरी हाताने दाणे घालून वाढवलेला कोंबडा सणाच्या दिवशी दिसेनासा झाला, म्हणून त्याने ते म्हटले. एकीने एका थोर पुरुषाचे चरित्र वाचले आणि त्याच रात्री ते म्हटले. एकाच्या वडिलांनी पंढरीची वारी करून गळ्यात माळ घातली आणि साऱ्या घराचाच स्वयंपाक बदलला. कारणे निरनिराळी होती; त्यांतील एकही मला हसण्यासारखे वाटले नाही. कोणत्याही मुक्या जीवाविषयी ज्याच्या मनात कळवळा उत्पन्न होतो, तो मुलगा वर्गात कितवा येतो याची मी फारशी चिंता करीत नाही.

परंतु, मुलांनो, त्या वाक्यापाठोपाठ येणारा प्रश्न विचारणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला. तो प्रश्न असा : जे ताटातून काढले, त्याच्या जागी आता काय ठेवायचे?

शाकाहार हा उत्तम आहार होऊ शकतो. मात्र केवळ एखादा पदार्थ सोडल्याने तो उत्तम होत नाही. सोडणे हे अर्धे व्रत होय. जोडणे हे त्याचे उरलेले अर्धे होय. हे मी ग्रंथ वाचून शिकलो असतो, तर शहाणा ठरलो असतो. मी ते चुकून, ठेच खाऊन शिकलो. तीच हकिगत आधी सांगतो.

माझे बालपण मालवणजवळच्या समुद्रकाठच्या एका लहान गावात गेले. भात आणि माशांची कढी हेच आमचे नित्याचे जेवण. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की सुकवलेले बांगडे आणि सुकट यांवर घर चाले. १९८५ साली, वयाच्या चोविसाव्या वर्षी, मी घाटावरच्या एका गावी शिक्षक म्हणून रुजू झालो. त्या वर्षी सातवीच्या वर्गात मी महात्मा गांधींच्या विद्यार्थिदशेविषयी सांगत होतो. १८८८ साली गांधीजी कायद्याच्या अभ्यासासाठी लंडनला गेले. मांसाला स्पर्श करणार नाही, असे वचन त्यांनी आपल्या आईला दिले होते. त्या परक्या शहरात त्यांना पोटभर जेवण मिळेना. शाकाहारी भोजनगृह शोधीत ते मैलोगणती हिंडले. अखेर फॅरिंग्डन स्ट्रीटवर ते सापडले. तेथेच हेन्री सॉल्ट यांचे शाकाहारावरील एक पुस्तक त्यांनी विकत घेतले, आणि आजवर आईच्या शब्दाखातर पाळलेला नियम त्या दिवसापासून त्यांचा स्वतःचा झाला. मी हे सारे मोठ्या रंगात येऊन सांगत असता मागच्या बाकावरील एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, “सर, तुम्ही मासे खाता का?”

प्रश्न साधा होता. मी मात्र निरुत्तर झालो. त्या सायंकाळी मी मासे सोडले. खरे सांगायचे, तर त्या निश्चयात भूतदया थोडी आणि वर्गापुढे उणे पडू नये हा अभिमान अधिक होता.

आता माझे जेवण पाहा. एका खानावळीत मी दोन्ही वेळ जेवत असे. पोळी, बटाट्याची भाजी, पातळ आमटी आणि भात, एवढेच ते जेवण. मासे होते तेव्हा त्यांच्याभोवती जे वाढलेले असे, तेवढेच आता उरले होते. दूध मला लहानपणापासून आवडत नसे. म्हणून मी चहासुद्धा कोरा घेई, आणि तो दिवसातून चार-पाच वेळा घेई. पहिले वर्ष सुखाने गेले. दुसरेही गेले. ‘पाहा, माझे काय बिघडले?’ असे मी मित्रांना ऐटीने सांगू लागलो.

तिसऱ्या वर्षी मात्र शाळेचा जिना चढताना मला धाप लागू लागली. रात्री तळपायांना मुंग्या येत. फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटे. एके दिवशी हजेरी घेताना, ज्यांना मी वर्षभर शिकवीत होतो अशा दोन मुलांची नावे मला आठवेनात, तेव्हा मी घाबरलो. तालुक्याच्या गावी एक वृद्ध डॉक्टर होते. त्यांनी माझी पापणी खाली ओढून पाहिली, जीभ पाहिली, रक्त तपासण्यास जिल्ह्याच्या गावी पाठवले. अहवाल आल्यावर ते म्हणाले, “तुमच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने मात्र मोठ्या झाल्या आहेत. गुरुजी, काय सोडले ते तुम्ही मला अभिमानाने सांगितलेत. त्याऐवजी काय धरले, ते सांगा पाहू.”

मजजवळ उत्तर नव्हते. मागच्या बाकावरील त्या मुलापुढे मी पुन्हा एकदा उभा आहे, असे मला वाटले.

माझ्या शरीरात ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव झाली होती. डॉक्टरांनी मला इंजेक्शने दिली. काही महिन्यांत अंगात बळ आले. पायांच्या मुंग्या सर्वांत शेवटी गेल्या. औषध चालू असतानाच मी सुट्टीत घरी गेलो. मला वाटले, आई म्हणेल, ‘खा मुकाट्याने मासे!’ पण ती तसे काही बोलली नाही. तिने मला जेवायला वाढले. ताटात नाचणीची भाकरी होती, काळ्या वाटाण्याची उसळ होती, कुळथाची पिठी होती, ओले खोबरे घालून केलेली शेवग्याच्या पाल्याची भाजी होती. मग ती म्हणाली, “अरे, आपल्याकडे सोमवारी मासे कुठे असतात? श्रावणात महिनाभर नसतात. तेव्हा मी तुम्हांला नुसता भात घालते का? तू मासे सोडलेस, पण सोमवारचे ताट मांडायला विसरलास.”

किती खरे बोलली ती! मासे खाणाऱ्या आमच्या त्या घरात बिनमाशांचे पूर्ण जेवण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. ते शहाणपण आईच्या हातात होते आणि मी मात्र ताटातला एक पदार्थ उचलून दूर ठेवण्यालाच व्रत समजत होतो.

त्या सोमवारच्या ताटात काय काय असते आणि का असते, हे आता पाहू.

पहिली गोष्ट प्रथिनांची. आपले स्नायू, रक्त, केस, नखे ही सारी प्रथिनांनी घडतात. छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे जुळवून मजकूर तयार करीत. खिळ्यांच्या पेटीत ‘ल’ हे अक्षर संपले, तर बाकीची अक्षरे ढीगभर असूनही पान अडून राही. प्रथिनांचेही तसेच आहे. तीही वीस प्रकारच्या अक्षरांनी बनतात. त्या अक्षरांना अमिनो आम्ले म्हणतात. त्यांपैकी नऊ आपले शरीर स्वतः तयार करू शकत नाही. ती अन्नातूनच यावी लागतात. मासे, अंडी, दूध यांत ही नऊही पुरेशी असतात. तांदूळ, गहू, ज्वारी यांत लायसिन नावाचे अक्षर कमी पडते. डाळी-कडधान्यांत ते विपुल असते. उलट कडधान्यांत मेथिओनिन कमी असते, ते धान्यांत मिळते. एकाची उणीव दुसरा भरून काढतो. वरण-भात, पिठले-भाकरी, मुगाची खिचडी, उसळ-पोळी या जोड्या आपल्या पूर्वजांनी जिभेच्या आवडीने लावल्या असतील; पण आज विज्ञानही त्यांना पसंती देते. दोन्ही पदार्थ एकाच घासात असले पाहिजेत असेही नाही. दिवसभरात दोन्ही पोटात गेले म्हणजे झाले.

मात्र येथे एक फसगत होते. तुरीच्या शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत सुमारे बावीस ग्रॅम प्रथिने असतात, हे खरे. पण खानावळीतल्या त्या पातळ आमटीत डाळ किती आणि पाणी किती? राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० सालच्या शिफारशींप्रमाणे दहा ते बारा वर्षांच्या मुलामुलींना रोज सुमारे ३२ ग्रॅम प्रथिने लागतात. मूठभर डाळीचे घट्ट वरण, वाटीभर उसळ, थोडे शेंगदाणे किंवा फुटाणे आणि दूध-दही एवढे पोळी-भाताच्या जोडीला असले, तर हा हिशेब सहज जुळतो. आमटीचे नुसते पाणी भुरकून तो जुळत नाही.

दुसरी गोष्ट लोहाची. लोह कमी झाले की रक्त फिके पडते, खेळताना दम लागतो, पुस्तकात मन रमत नाही. दहा ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला १६ आणि मुलींना २८ मिलिग्रॅम लोह आवश्यक आहे, असे तीच संस्था सांगते. आकडा मुलींचा मोठा आहे, हे लक्षात ठेवा. घरात कोणाच्या वाटीत उसळ कमी पडत असेल, तर ती मुलीच्या किंवा आईच्या वाटीत पडू नये. मांस-माशांतील काही लोह शरीर चटकन घेते. वनस्पतींतील लोह मात्र जरा मानी असते. आमंत्रण दिल्याशिवाय ते आत येत नाही. हे आमंत्रण म्हणजे क जीवनसत्त्व. पोह्यांवर लिंबू पिळणे, जेवणात आवळ्याचे लोणचे किंवा कोशिंबीर असणे, जेवणानंतर पेरू खाणे, ही केवळ चैन नव्हे. चहा नेमके उलटे करतो. तो लोहाला दारातच अडवतो. म्हणून जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर असावे. तुमच्या वयाला तर चहाची गरजच नाही. मटकी-मुगाला मोड आणले म्हणजे त्यांतील लोह शरीराला अधिक सुलभ होते. भाजी लोखंडी कढईत केली, तर ती कढईही थोडे दान देते.

तिसरी गोष्ट हाडांची. आमच्या सुकटीतील बारीक काटेही आम्ही चावून खात असू; त्यांतून कॅल्शियम मिळे. ते गेले तर नाचणी आहे. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात ते नाममात्र असते. तिळांत तर ते हजार मिलिग्रॅमहून अधिक आहे. संक्रांतीला तिळगूळ देताना आपण गोड बोलण्याची आठवण देतो. हाडांचीही देत असतो. परंतु हाडे बळकट होण्यास ड जीवनसत्त्वही लागते आणि ते उन्हात खेळणाऱ्या अंगाला मिळते. म्हणून मैदान हाही आहाराचाच भाग समजावा. माशांतील उपयुक्त तेलांची उणीव जवसाच्या चटणीने काही अंशी भरून निघते. समुद्रातून मिळणाऱ्या आयोडिनासाठी घरात आयोडिनयुक्त मीठ असावे.

आता चौथी गोष्ट, आणि ती सर्वांत महत्त्वाची. आईच्या सोमवारच्या ताटातही जी नव्हती, ती ही. ब-१२ हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती तयार करीत नाही. ते सूक्ष्म जिवाणू तयार करतात, आणि प्राण्यांच्या शरीरात ते साठते. म्हणून ते मांस, मासे, अंडी, दूध आणि दही यांत मिळते; डाळीत, भाजीत, फळांत मिळत नाही. आमच्या घरी सोमवार आठवड्यातून एकदा येई आणि मंगळवारी मासे पुन्हा ताटात येत. त्यामुळे ही उणीव तेथे कधी जाणवली नाही. माझा मात्र रोजच सोमवार झाला होता! शिवाय या जीवनसत्त्वाची साठवण यकृतात अशी असते की, बाहेरून येणे थांबले तरी ती काही वर्षे पुरते. ‘माझे काय बिघडले?’ असे मी ऐटीने विचारीत होतो, तेव्हा मी प्रत्यक्षात जुन्या पुंजीवर जगत होतो. कमाई थांबवून साठवणीवर राहणारा माणूसही काही काळ श्रीमंतच दिसतो.

जे केवळ माझ्यासारख्या नवख्याचे झाले, ते खुद्द गांधीजींनाही चुकले नाही. १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत त्यांनी दूधही सोडले. १९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडत असता त्यांना अतिसाराचा विकार जडला आणि शरीर इतके खचले की आपला अंत जवळ आला असे त्यांना वाटले. मुंबईत डॉक्टर दलाल यांनी स्पष्ट सांगितले, की दुधावाचून हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. गांधीजी व्रत मोडावयास तयार नव्हते. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले, की व्रत घेताना तुमच्या मनात गाई-म्हशींचे दूध होते. मग शेळीचे दूध घेण्यास काय हरकत आहे? १९१९ च्या आरंभी त्यांनी शेळीचे दूध घेतले आणि ते बरे झाले. त्यांच्या मनाला त्याची टोचणी कायम राहिली. पण त्यांची थोरवी अशी की, त्यांनी हे लपवले नाही. माझ्या सांगण्यावरून ज्यांनी दूध सोडले असेल, त्यांनी अनुभवी वैद्याच्या सल्ल्यावाचून तो प्रयोग पुढे चालवू नये, असे त्यांनी आत्मकथेत स्वतःच लिहून ठेवले. ज्याला आपली चूक सांगता येते, त्याचाच उपदेश ऐकावा.

त्या वेळी ब-१२ कोणालाच ठाऊक नव्हते. ते शुद्ध रूपात १९४८ साली वेगळे करण्यात आले. त्याची गुंतागुंतीची रचना डोरोथी हॉजकिन या विदुषीने १९५६ साली उलगडली आणि १९६४ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज आपल्याजवळ ज्ञान आहे. तरीही आपण सावध आहोत काय? पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांच्या आरोग्याचा अभ्यास केला. त्यांपैकी सुमारे दोनतृतीयांश मातांच्या रक्तात ब-१२ कमी आढळले. तेव्हा नव्याने शाकाहारी होणाऱ्यांनीच नव्हे, तर जन्मापासून शाकाहारी असणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. रोज दोन पेले दूध, किंवा तितके दूध आणि दही मिळून, पोटात गेले तर बराच आधार होतो. ज्यांना दूधही नको असेल, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ब-१२ ची गोळी नियमाने घेतलीच पाहिजे. त्यात कमीपणा कसला? चष्मा लावल्याने डोळ्यांचा अपमान होत नाही. गोळी घेतल्याने व्रत बाटत नाही.

मुलांनो, आता दोन गोष्टी मी थोड्या कठोरपणे सांगणार आहे.

पहिली ही की, तुमचे वय वाढीचे आहे. मी चोविसाव्या वर्षी चूक केली. माझी उंची तोवर वाढून झाली होती, आणि उपचाराने गेलेले बळ परत मिळाले. अकराव्या-बाराव्या वर्षी तीच चूक अधिक महाग पडते. म्हणून मनात आले की लगेच ताट बाजूला सारू नका. आई-वडिलांशी बोला. त्यांचा विरोध असेल, तर तो बहुधा काळजीपोटी असतो. तुम्ही काय सोडणार याबरोबर काय जोडणार हे सांगितलेत, तर त्यांची अर्धी काळजी जाईल. अंडी किंवा दूध चालत असेल, तर ते ठेवावे. काही महिन्यांनी वजन-उंची पाहावी आणि डॉक्टरांना दाखवावे. शाकाहार म्हणजे वडापाव, बिस्किटे आणि तळलेले वेफर नव्हेत. त्यांत मांस नसते, हे खरे. पण त्यांवरच पोट भरल्याने शरीर घडत नाही.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. मधल्या सुट्टीत डबे उघडतात, तेव्हा एकाच्या डब्यात शेपूची भाजी असते, तर दुसऱ्याच्या डब्यात सुकटीची चटणी. माझ्या शाळेत एका मुलाने मांसाहार सोडला आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या मित्राशेजारून उठून तो दूर जाऊन बसला. मी त्याला जवळ बोलावून विचारले, “कोंबड्याविषयी तुला दया आली, मग मित्राविषयी का नाही?” तो काही बोलला नाही. पण दुसऱ्या दिवशी दोघांचे डबे पुन्हा एकाच बाकावर होते. समुद्रकाठच्या माणसाला समुद्राने जे दिले, ते त्याने खाल्ले. त्यात पाप शोधणारे आपण कोण? माझ्या आईने अखेरपर्यंत मासे खाल्ले आणि माझ्यासाठी वेगळे ताट मांडले. त्या दोन ताटांत मला कधीही उच्च-नीच दिसले नाही. दयेतून निघालेले व्रत जर तिरस्कारापर्यंत पोहोचले, तर ते वाटेत कोठेतरी चुकले असे खुशाल समजावे.

मी आजही मासे खात नाही. सकाळी पेलाभर दूध घेतो. ते अजूनही मला फारसे आवडत नाही, पण घेतो. वर्षातून एकदा रक्त तपासून घेतो. आठवड्यातून एकदा तरी नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची उसळ घरी होते. ते ताट समोर आले की आईचे शब्द कानांत येतात, आणि त्या वृद्ध डॉक्टरांचा प्रश्नही आठवतो.

तोच प्रश्न आज मी तुमच्या हाती देतो. तो अन्नापुरताच नाही. आळस सोडाल, तर त्या वेळात काय कराल? वाईट संगत सोडाल, तर कोणाची चांगली संगत धराल? रिकामी जागा रिकामी राहत नाही. आपण ती विचाराने भरली नाही, तर उणीव तेथे येऊन बसते. म्हणून काही सोडण्याचा निश्चय कराल, तेव्हा तो जरूर करा; पण त्याच बैठकीत जोडण्याचीही यादी करा, आणि मगच उठा.